चऱ्हाट, टकळी, गजाली: वायफळ बोलण्याचे शब्द आले कुठून?

श्रावणातली दुपार होती. वीज गेलेली, बाहेर पाऊस, आणि वेंगुर्ल्याजवळच्या आमच्या घराच्या पडवीत आई सुंभ वळत बसलेली. चतुर्थीला गणपतीवर टांगायची फळा-पानांची माटवी घरच्या सुंभानेच बांधायची असा तिचा हट्ट आहे, नायलॉनची दोरी तिला चालत नाही. शेजारच्या काकी सुपात कुळीथ निवडत होत्या. पुण्याहून आलेली माझी भाची, फोनला रेंज नाही म्हणून, नाइलाजाने दोघींचं ऐकत होती. तासाभराने तिने विचारलं, "आजी, गजाली म्हणजे गॉसिप ना?"

आईचे हात थांबले नाहीत. "गॉसिप म्हंजे काय ता?"

"म्हणजे रिकाम्या गप्पा. टाइमपास."

आईने एकदा काकींच्या सुपाकडे पाहिलं, एकदा आपल्या पायाशी पडलेल्या वेटोळ्याकडे. "रिकाम्या? हात चलतत मां? मगे तोंड कित्याक बंद ठेवचा?"

भाची हसली आणि विषय तिथेच राहिला. माझ्या डोक्यातून मात्र जाईना. रात्री वीज आल्यावर फालतू बोलण्यासाठी मराठीत किती शब्द आहेत त्याची यादी करायला बसलो. बडबड, वटवट, टकळी, चऱ्हाट, गुऱ्हाळ, दळण, थापा, बाता, गप्पा, वावड्या, पुड्या, कंड्या, अफवा, वाचाळपणा, बाष्कळपणा, वितंडवाद... वहीचं पान भरलं तरी संपेनात. शब्दांच्या मुळाशी जायची मला सवय आहे, म्हणून एकेक सोलत गेलो. त्यात एक गंमत सापडली, ती आधी सांगतो.

चऱ्हाट म्हणजे जाड दोर. एखादा माणूस एकच गोष्ट ताणत बसला की आपण म्हणतो, "काय चऱ्हाट लावलंय!" ज्याने दोर वळताना पाहिलाय त्याला ही उपमा किती नेमकी आहे ते कळेल. नारळाची सोडणं पाण्यात कुजवून, कुटून काथ्या काढतात. त्याचे दोन पेड दोन तळहातांत धरायचे आणि हात पुढे सरकवायचे. प्रत्येक पेड आधी स्वतःभोवती पिळतो आणि मग दोन्ही पेड एकमेकांभोवती उलट्या दिशेने गुंडाळले जातात. पीळ आणि उलटा पीळ एकमेकांना अडवून धरतात, म्हणून सुंभ हातातून सोडलं तरी उलगडत नाही. खरं कसब पुढे आहे. पेड बारीक होऊ लागला की तो संपायच्या आधीच त्यात नवा काथ्या घालायचा, म्हणजे जोड दिसत नाही. आई आणि काकी बोलतातही तशाच. कोणाच्या तरी सुनेच्या बाळंतपणाचा विषय संपत यायच्या आत त्यात वाडीतल्या विहिरीच्या पंपाचा पेड शिरलेला असतो. जोड कुठे आला ते सांगून दाखवा.

आता टकळी. "काय सारखी टकळी चालू आहे" असं शाळेत बाईंनी आपल्यातल्या बहुतेकांना सुनावलेलं असतं. टकळी म्हणजे सूत कातायची हातातली चाती. खाली छोटी चकती, वर दांडी, बोटांनी गिरकी द्यायची की फिरत राहते. संस्कृतात चातीला तर्कु म्हणतात. आपली टकळी आणि हिंदीतली तकली त्याच कुळातल्या. फिरणाऱ्या जिभेला या शब्दाशिवाय दुसरं काय म्हणणार?

दळण तर जात्यावरचं. "तेच ते दळण दळू नकोस." गुऱ्हाळ घाटावरचं, कारण कोकणात ऊस तो काय, तुळशीच्या लग्नापुरता. पण चर्चेचं गुऱ्हाळ आमच्याकडेही लागतं, विशेषतः ग्रामसभेत. तोंडाचा पट्टा म्हटलं की गरगर फिरणारा दांडपट्टा डोळ्यांपुढे येतो.

टकळी फिरते, चऱ्हाट पिळलं जातं, जातं फिरतं, चरकाभोवती बैल फिरतात, पट्टाही फिरतो. मराठी माणसाला लांबलेलं बोलणं दिसलं ते असं, गोल गोल फिरणारं आणि जागच्या जागी राहणारं. उपमा चांगली आहे, पण तिच्यात एक लबाडी आहे. टकळी फिरते तेव्हा सूत निघतं. जातं फिरतं तेव्हा पीठ पडतं. ही सगळी पोटापाण्याची कामं, त्यातली बरीचशी बायकांची, आणि त्यांच्यावरून शब्द केला तो निरुपयोगी बोलण्यासाठी! ज्याने नुसतं फिरणं पाहिलं आणि खाली पडणारं पीठ पाहिलं नाही, त्यानेच हे शब्द रूढ केले असावेत असा मला दाट संशय आहे. त्याच जात्यावर बसून बायकांनी ओव्या रचल्या. तेही दळताना केलेलं बोलणंच होतं.

दुसरं घराणं नुसत्या आवाजाचं. बडबड, वटवट, बकबक, भुणभुण, कटकट. यांना मूळ शोधायला फार खोल जावं लागत नाही, कारण ते शब्द म्हणजे त्या त्या आवाजाची नक्कलच आहे. अर्थ कळत नाही आणि आवाज तेवढा कानावर आदळतो, अशा बोलण्याला आपण आवाजाचंच नाव देतो. शब्द दोनदा येतो, कारण थांबत नाही हीच मुख्य तक्रार असते. नुसतं 'बड' म्हणून कोणाचा अपमान होत नाही. संस्कृतात अडखळत, तोतरं बोलणाऱ्याला 'बर्बर' म्हणत, आणि हाच शब्द परक्या, रानटी समजल्या गेलेल्या लोकांसाठीही वापरत. तिकडे ग्रीकांनाही परक्यांची भाषा 'बार बार' अशीच ऐकू आली आणि त्यांनी त्या लोकांना 'बार्बारोस' ठरवलं. तिथून पुढे युरोपच्या भाषांत त्याचा अर्थ रानटी असा झाला. म्हणजे आपल्याला कळत नाही ती बडबड, आणि बडबडतो तो अडाणी, हा हिशेब फार जुना आहे. पहिल्यांदा कोकणात आलेल्या जावयाला मालवणी अशीच ऐकू येते. भाषेला दोष देण्याआधी त्याने आठ दिवस थांबावं.

बाता मारणं घ्या. इथे शब्दाचं मूळ शोधायची पद्धत छान दिसते. संस्कृतात 'वार्ता', प्राकृतात 'वत्ता', हिंदीत 'बात'. आता मराठी आणि हिंदी शेजारी शेजारी ठेवून पाहा: वीस आणि बीस, वाट आणि बाट, विंचू आणि बिच्छू, वांगं आणि बैंगन. जिथे हिंदीत ब येतो तिथे मराठीने जुना व राखलाय. मग 'बाता'त ब कसा? तर हा शब्द मराठीच्या घरात वाढलेला नाही, हिंदीकडून पाहुणा म्हणून आलेला आहे. पाहुण्याची इथे काय गत झाली तेही पाहा. हिंदीत 'बातें करना' म्हणजे साधं बोलणं. मराठीत एकवचन टाकून दिलं, अनेकवचन ठेवलं, आणि त्याचा अर्थ केला फुशारकी. तेच मूळ थेट संस्कृतातून आलं ते 'वार्ता' होऊन बातम्यांच्या मथळ्यांत मानाने बसलं. एकाच आजीची दोन नातवंडं, एक सरकारी नोकरीत आणि एक नाक्यावर.

गप्पा फारसीतून आल्या. फारसीत 'गप' म्हणजे बोलणं, गोष्टी करणं. मराठीत या शब्दाची गाठ पडली 'गप्प' या अगदी उलट्या शब्दाशी. 'गप्प बस' आणि 'गप्पा मार' यांत फरक एका कान्याचा. गप्प हा गपकन तोंड मिटण्याचा आवाज, आणि गप्पा म्हणजे ते उघडं राहणं. मराठी शिकणाऱ्या परक्या माणसाची यात काय तारांबळ उडत असेल!

अरबीतून आला 'अफवा', आणि माझ्या यादीतला हा सगळ्यात आवडता शब्द. अरबीत 'अफवाह' म्हणजे 'तोंडं', तोंड या शब्दाचं अनेकवचन. बास, एवढंच. या तोंडातून त्या तोंडात जाते तिला नाव दिलं तोंडांचंच. ती खरी की खोटी हे मूळ शब्दात नाहीच, फक्त किती तोंडांतून आली ते आहे.

अफवेची चाल मी लहानपणी एकदा पळून अनुभवली. सकाळी कोणीतरी ओरडलं, "रापणीक बांगडो गावलो!" रापण म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं लांबलचक जाळं, दोन्ही टोकांना माणसांची रांग लागते. आमच्या वाडीत बातमी पोचली तेव्हा बांगड्याच्या दोन टोपल्या होत्या. तिठ्यावर त्याच्या वीस झाल्या. आम्ही पोरं घरातली मोठी पातेली घेऊन धावत वाळूवर पोचलो, तर जाळं अजून पाण्यात होतं. ओढून बाहेर काढलं तेव्हा निघाल्या मूठभर तारल्या आणि एक चप्पल. मला पातेल्याबद्दल घरी मार बसला, कारण धावताना त्याला पोचा आला होता. ओरडलेला माणूस कोण, ते आजवर कळलेलं नाही. तोंडं पुष्कळ होती.

अशा गोष्टी पसरवण्यासाठी मराठीने केलेली क्रियापदं एकाहून एक आहेत. पुडी सोडतात. वाण्याकडची कागदाची पुडी, आत काय आहे ते बाहेरून दिसत नाही. वावडी उठवतात. वावडी म्हणजे पतंग, एकदा वारा लागला की दोरी कोणाच्या हातात आहे ते खालून बघणाऱ्याला कळत नाही. कंडी पिकवतात, आढीत आंबा घालून पिकवावा तशी. थाप मारतात, आणि त्यातही वरच्या दर्जाची ती लोणकढी थाप. ताजं लोणी कढवून काढलेलं तूप ते लोणकढं, रवाळ, दाणेदार, भेसळीचा वास नसलेलं. इतकी शुद्ध खोटी गोष्ट, की खाणाऱ्याने बोट चाटावं. वाईट विनोदाला मात्र आपण पाणचट म्हणतो, नारळ कमी आणि पाणी जास्त घातलेल्या कढीसारखा. बोलणं नेहमी जिभेवरच, मग तिची चव लावणं स्वाभाविक आहे.

पोर्तुगीज या किनाऱ्यावर काही शतकं होते. त्यांनी आपल्याला काजू, पाव, बटाटा, चावी, पगार हे शब्द दिले. माझ्या यादीत मात्र त्यांचा एकही शब्द आला नाही. त्या बाबतीत कोकणाला उसनवारीची गरज पडली नसावी.

शास्त्री मंडळींनी या विषयाकडे कसं पाहिलं? पाणिनीच्या व्याकरणात दोन सूत्रं शेजारी शेजारी आहेत. 5.2.124 ने 'वाच्' (वाणी) या शब्दापासून 'वाग्मी', म्हणजे चांगला वक्ता, तयार होतो. पुढचंच 5.2.125 सांगतं की पुष्कळ बोलणाऱ्यासाठी 'वाचाल' आणि 'वाचाट' अशी रूपं होतात. आपला वाचाळ तो हाच. सूत्रात फक्त 'पुष्कळ बोलणारा' एवढंच आहे. नंतरच्या वैयाकरणांना ते पुरलं नाही, म्हणून त्यांनी खुलासा जोडला: हे रूप निंदेच्या अर्थी वापरायचं. पुष्कळ बोलूनही चांगलं बोलतो तो वाग्मीच. बोलण्याची लांबी दोघांची सारखी, प्रत्यय वेगळा. कोणाला कुठला प्रत्यय लावायचा हे अर्थातच ऐकणारा ठरवतो.

न्यायशास्त्राने तर वादाची प्रतवारीच लावली. सत्य काय ते शोधण्यासाठी दोघे बोलतात तो वाद. जिंकण्यासाठी, वाकडेतिकडे डाव टाकत बोलतात तो जल्प. स्वतःची बाजू मांडायचीच नाही आणि समोरच्याची तेवढी पाडायची, ती वितंडा. आपल्या 'वितंडवाद' शब्दात ही तिसरी प्रत टिकून राहिली आहे. पंख्याखाली बसून फोनवरचा आपल्या गाववाल्यांचा ग्रुप उघडा, गणपतीच्या वर्गणीवरून चाललेल्या चर्चेत तिन्ही प्रती अर्ध्या तासात सापडतील. पहिली शोधायला थोडं वर जावं लागेल.

'बाष्कळ'पाशी मात्र सावध राहायला हवं. ऋग्वेदाच्या शाखांत बाष्कल नावाची एक शाखा आहे. शिवाय शंकराचार्यांनी ब्रह्मसूत्रांच्या भाष्यात (3.2.17) एक गोष्ट दिली आहे. बाष्कली बाध्वांना विचारतो, ब्रह्म म्हणजे काय ते सांगा. बाध्व गप्प. तो पुन्हा विचारतो, ते पुन्हा गप्प. दुसऱ्या-तिसऱ्या वेळी ते म्हणतात, मी सांगतोच आहे, तुला कळत नाही; हा आत्मा शांत आहे. किती सुंदर! गप्प बसणाऱ्यापुढे सारखं विचारत राहणारा तो बाष्कली, आणि त्यावरून फुकट बोलणं ते बाष्कळ, असं जुळवून टाकायचा मोह कोणालाही होईल. मलाही झाला. पण ही जुळवणी मीच पाच मिनिटांत केलेली आहे, आणि ती लोणकढी आहे. आवाज सारखा म्हणून नातं जडत नाही. वार्ता, वत्ता, बात यांत प्रत्येक पायरी दिसते, आणि तेच बदल दुसऱ्या दहा शब्दांत झालेले दाखवता येतात. इथे मधली एकही पायरी माझ्या हातात नाही. शब्दांच्या उगमाच्या ज्या चुरचुरीत कथा आपल्याला येऊन पोचतात त्यांतल्या बऱ्याच अशाच, पहिलं आणि शेवटचं टोक सुंदर, मधला दोर नाही.

आता पडवीत परत येतो, कारण भाचीच्या प्रश्नाला उत्तर द्यायचं राहिलंय.

गजाल या शब्दाचा पसारा गॉसिपपेक्षा पुष्कळ मोठा आहे. "काय गजाल?" म्हणजे काय प्रकरण आहे. "ती गजाल येगळी" म्हणजे ती बाब निराळी. गजाली करणं म्हणजे बोलत बसणं. घटना, बाब आणि बोलणं, तिन्हींना एकच शब्द. गोव्यातल्या कोकणीतही हेच. प्रमाण मराठीत इतका ऐसपैस शब्द एकच आहे, 'गोष्ट'. सांगतात तीही गोष्ट, घडते तीही गोष्ट, आणि 'दोन गोष्टी बोलून घेऊ' मधली तीही गोष्टच.

या गोष्टीचं मूळ तर कोकणातल्या घराशेजारीच आहे. संस्कृतात 'गोष्ठ' म्हणजे गाई बांधायची जागा. त्यापासून 'गोष्ठी', म्हणजे एकत्र जमणं, मग जमून केलेलं बोलणं, आणि त्याची मराठीत झाली गोष्ट. त्याच गोष्ठाचा दुसरा वंशज आहे आपला गोठा. गोठा आणि गोष्ट ही सख्खी भावंडं. आमच्याकडे अजून संध्याकाळी दूध काढताना गोठ्याच्या दारात कोणी ना कोणी येऊन टेकतं. धार चालू असते आणि बोलणंही. दूध काढणाऱ्याला हात सोडता येत नाहीत, म्हणून आलेल्यालाच थांबावं लागतं.

जून आणि जुलै हे या किनाऱ्यावर गजालींचे महिने. 1 जून ते 31 जुलै यांत्रिकी मासेमारी बंद असते. होड्या वर ओढून झापांनी झाकलेल्या, आणि शेडमध्ये पुरुष जाळी घेऊन बसलेले. फाटलेला भाग पायाच्या अंगठ्यात अडकवून ताणायचा, सुईने एकेक घर सांधत जायचं. डोळे आणि बोटं तिकडे, कान आणि तोंड मोकळं. रस्त्याने जाणाऱ्याला वाटतं, रिकामटेकडे बसलेत. नारळी पौर्णिमेनंतर त्याच जाळ्यातली मासळी तो घासाघीस करून घेतो.

सगळंच बोलणं हाताला काम असताना होतं असं अर्थातच नाही. शिमगा आहेच. पालखी नाचते, खेळे येतात, बोंबा मारल्या जातात आणि एरवी तोंडावर आणणार नाही ते चार दिवस उघड म्हणता येतं. म्हण आहे ना, शिमगा सरला तरी कवित्व उरतं. इथे कवित्व म्हणजे कविता करणं नव्हे, कोण कोणाला काय म्हणालं याचं मागे राहिलेलं चर्वण. कवीच्या कामाचं नाव मराठीने वायफळ बोलण्याला दिलं ते या एका म्हणीत. कवींनी मनावर घेऊ नये. आमच्या वाडीत गेल्या शिमग्याचं कवित्व दिवाळीपर्यंत पुरलं, त्यात पालखीला खांदा कोणी आधी लावायचा हा एकच मुद्दा होता.

दुसऱ्या दिवशी हे सगळं मी भाचीला सांगितलं. तर्कुपासून अफवाहपर्यंत, पाणिनीसकट. आई बाजूला बसून कालचं सुंभ हातभर हातभर मोजत होती. बराच वेळ तिने ऐकून घेतलं. मी बाध्व आणि बाष्कलीपर्यंत पोचलो तेव्हा ती भाचीला म्हणाली, "बघ गो, सकाळधरना टकळी चालू आसा ह्येची. आणि हातात काय तर काय नाय." मग सुंभाचं दुसरं टोक माझ्या हातात दिलं आणि म्हणाली, "धर, ताणून धर."